पाऊल आणि पाषाण

वहाण कोठे चावते ते ती घालणाऱ्यालाच कळते, असे आपण म्हणतो. पण चावणार हे ठाऊक असूनही पैसे मोजून घेतलेली वहाण जगात असेल, हे सहसा कोणाला खरे वाटणार नाही. तशी ती आहे. खडकांवर चढणारे तरुण आणि तरुणी पायांत जो जोडा घालतात तो त्यांच्या रोजच्या जोड्याहून पुष्कळदा आखूड असतो. त्यात पायाची बोटे दुमडून बसलेली असतात. चढ संपताच तो ओढून काढून पाय मोकळा करणाऱ्यांचे चेहरे पाहिले म्हणजे या मंडळींनी हा जाच कशासाठी पत्करला, असा प्रश्न कोणाही समंजस माणसाला पडावा.

हा प्रश्न आता आपल्या घरांपासूनही फार दूर राहिलेला नाही. तुंगभद्रेच्या काठी हंपी आणि आनेगुंदीच्या परिसरात ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळांचा जो पसारा आहे, तेथे जगभरचे आरोहक येतात. चालुक्यांच्या बदामीतील लाल वालुकाश्माचे कडे त्यांना परिचित आहेत. हैदराबादच्या आसपासचे, सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचे ग्रॅनाइटचे खडक वाचावेत म्हणून १९९६ साली तेथे एक संस्थाच स्थापन झाली. या स्थळांच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील एखादा मुलगा वा मुलगी उद्या असा जोडा मागू लागली तर तो कोणत्या मापाचा घ्यावा? दुकानदार एक सांगतो, मित्र दुसरेच सांगतो. माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर मापाच्या पट्टीवर मिळण्याआधी इतिहासात शोधावे लागते. कारण जोडा घट्ट असावा ही रीत एका विशिष्ट काळाच्या अडचणीतून जन्माला आली, आणि अडचण पुष्कळशी सरल्यावरही रीत मागे उरली.

प्रथम या खेळाची ओळख करून देतो. गिर्यारोहण म्हटले की दोर, कुऱ्हाड, बर्फ आणि हजारो फूट उंचीची शिखरे आपल्या डोळ्यांपुढे येतात. ज्याला बोल्डरिंग म्हणतात त्यात यातले काहीच नसते. दोन-चार पुरुष उंचीची एकच शिळा, खाली अंथरलेली जाड गादी, पायांत जोडा आणि हातांना लावायची मॅग्नेशियाची पूड, एवढाच संभार. चढ मिनिटाभराचा असतो, पण त्या मिनिटात शरीराचा सगळा भार कधीकधी बोटाच्या पेराएवढ्या कंगोऱ्यावर तोलून धरावा लागतो. शंभर फूट चढून जाण्यापेक्षा दहा फूट अत्यंत अवघड चढणे, हेच या खेळाचे मर्म आहे. अशा चढात हातांइतकीच, किंबहुना हातांहून अधिक, भिस्त पायांवर असते. म्हणून या खेळाचा इतिहास पाहू जाता तो पुष्कळ अंशी पादत्राणाचाच इतिहास ठरतो.

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय आरोहकाचे पादत्राण म्हणजे जाड कातड्याचा आणि तळाला लोखंडी खिळे ठोकलेला वजनदार बूट. बर्फावर, गवतावर आणि ओल्या मातीवर हे खिळे उत्तम काम देत. विसाव्या शतकाच्या आरंभी जिनीव्हाच्या एका आरोहकाने त्रिकूनी नावाचे दातेरी खिळे तयार केले आणि ते सर्वत्र पसरले. या बुटांनिशी त्या काळच्या लोकांनी जे करून दाखविले ते थक्क करणारे आहे. १९०३ साली फ्रेड बॉटेरिल याने इंग्लंडातील स्कॅफेल पर्वताची एक उभी, गुळगुळीत फरशी खिळ्यांच्या बुटांवर चढून दाखविली. ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. खिळ्यांनी खडकावर उठविलेले ओरखडे इंग्लंडातील जुन्या वाटांवर अजूनही दिसतात. कोरड्या, कठीण खडकावर मात्र लोखंड धरीत नाही, घसरते. खालच्या खडकाचे रूप कसे आहे याची वार्ताही ते तळपायापर्यंत पोचू देत नाही.

ही वार्ता पायाला मिळावी म्हणून निरनिराळ्या प्रदेशांतील लोकांनी निरनिराळे उपाय केले. जर्मनीतील सॅक्सनीच्या वालुकाश्माच्या सुळक्यांवर अनवाणी चढण्याची परंपरा पडली. तेथील बेर्न्ट आर्नोल्ड हा नामवंत आरोहक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही अनवाणी चढण्यासाठीच प्रसिद्ध होता. डोलोमाइट पर्वतांतील वाटाडे दोराच्या किंवा नमद्याच्या तळाचे हलके जोडे वापरीत. इंग्लंडातील आरोहकांनी दोन महायुद्धांच्या दरम्यान व्यायामशाळेत घालावयाचे, कापडी अंगाचे आणि पातळ रबरी तळाचे स्वस्त जोडे जवळ केले. बूट काढून ते चढविणे म्हणजे आता खरा कठीण भाग आला, असा संकेतच ठरून गेला. नाजूक कंगोऱ्यावर कापडी जोडा सैल पडून वळू नये म्हणून तो पायाला घट्ट बसणारा घेत. आखूड मापाच्या रीतीचे बीज मला येथे दिसते.

रबराचा वापर पर्वतावर सर्वमान्य होण्यास मात्र एक शोकांतिका कारणीभूत झाली. १९३५ साली इटालियन आल्प्समध्ये वादळात सापडून सहा आरोहक मृत्यू पावले. त्यांचे पादत्राण त्या हवेला अपुरे होते, हे त्या अनर्थाचे एक कारण मानले गेले. त्यांचा सोबती विताले ब्रामानी याने हे मनावर घेतले. त्याने खडकावर आणि बर्फावर दोन्हीकडे चालेल असा, खोल खाचांचा जाड रबरी तळ तयार केला व १९३७ साली त्याचे पेटंट घेतले. त्याच्या नावाची आद्याक्षरे जुळवून झालेले विब्राम हे नाव आज जगभर ठाऊक आहे. १९५४ साली के-टू शिखरावर प्रथम पाऊल ठेवणाऱ्या इटालियन तुकडीच्या बुटांना हाच तळ होता. खिळ्यांचे युग येथून मावळू लागले.

परंतु खाचांचा जाड तळ हा पर्वताचा तळ होता. शिळेवरच्या चढाला त्याच्या अगदी उलट गुणांचा तळ हवा होता, आणि तो जन्माला आला पॅरिसजवळच्या एका अरण्यात.

पॅरिसच्या आग्नेयेस सुमारे साठ किलोमीटरांवर फोंतेनब्लोचे अरण्य आहे. एकोणिसाव्या शतकात लगतच्या बार्बिझों गावी राहून चित्रकारांनी येथील वृक्ष आणि खडक चितारले. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी येथे समुद्र होता. त्याच्या पांढऱ्या वाळूचा घट्ट वालुकाश्म झाला, आणि त्याच्या गोल पाठीच्या शेकडो शिळा आज झाडांखाली विखुरलेल्या आहेत. आल्प्स दूर, आणि हाताशी वेळ केवळ रविवारचा. म्हणून पॅरिसचे आरोहक सराव करण्यासाठी येथे येत. हळूहळू सराव हाच काहींचा मुख्य छंद झाला. या मंडळींना ब्लोझार असे नाव पडले. १९४७ साली येथे पहिला आखीव फेरा तयार झाला. पुढे रंगाच्या खुणांनी अनेक शिळा एकापुढे एक जोडून सोप्या-अवघड फेऱ्यांची मालिकाच उभी राहिली.

या ब्लोझारांत पियेर आलँ हा अग्रगण्य होता. १९०४ साली जन्मलेल्या या माणसाने १९३५ साली एका सोबत्यासह द्र्यू शिखराची उत्तर भिंत प्रथम सर केली. त्याची दुसरी कर्तबगारी म्हणजे त्याची साधने. पिसांचे उबदार कपडे, हलक्या धातूच्या कड्या अशा अनेक वस्तूंवर त्याने प्रयोग केले, आणि फोंतेनब्लोच्या गोल, खरबरीत शिळांसाठी एक निराळा जोडा घडविला. वरचे अंग हलके, पायाला बिलगणारे. तळ संपूर्ण सपाट, गुळगुळीत रबराचा. कडेने वर चढलेली रबराची पट्टी. दुसऱ्या महायुद्धानंतर हा जोडा त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून पी. ए. म्हणून विकला जाऊ लागला. आज विकला जाणारा प्रत्येक प्रस्तरारोहणाचा जोडा हा या पी. ए.चाच वंशज होय. आलँ दीर्घायुषी ठरला आणि २००० साली निवर्तला. आपल्या जोड्याचे नातू-पणतू त्याने डोळ्यांनी पाहिले.

येथे कोणी विचारील की घसरू नये म्हणून तळाला खाचा पाडतात, मग खडकावर चढण्याचा तळ गुळगुळीत कसा? याचे उत्तर रबराच्या स्वभावात आहे. शाळेत आपण शिकतो की घर्षण भारावर अवलंबून असते, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर नाही. कठीण पदार्थांपुरते हे पुष्कळ अंशी खरे आहे. रबर हा नियम पाळीत नाही. भार पडला की ते खडकाच्या बारीक उंचवट्यांभोवती दबून बसते, त्यांच्या खळग्यांत शिरते, आणि सरकू लागले तर प्रत्येक उंचवट्यावरून वाकताना व पूर्ववत होताना शक्ती खर्च करून सरकण्याला विरोध करते. म्हणून जितके रबर प्रत्यक्ष खडकाला टेकेल तितकी पकड अधिक. खाच म्हणजे न टेकलेली जागा. चिखलात ती उपयोगी पडते, कारण तिच्यातून चिखल बाजूला जातो. कोरड्या खडकावर ती केवळ तोटा करते. याच कारणाने तळावरची धूळ ही आरोहकाची वैरीण. फोंतेनब्लोची जुनी मंडळी शिळेच्या पायथ्याशी लहानसे पायपुसणे टाकून जोडे स्वच्छ पुसूनच खडकाला पाय लावीत. तळ तापला की रबर मऊ पडून पकड ढिली होते आणि हातांना घामही येतो. हंपीत हिवाळ्याचे महिने आणि सकाळ-संध्याकाळची वेळ पसंत केली जाते ती यासाठीच.

आलँचा जोडा बनविणाऱ्यांपैकी एदमों बूर्दोनो याने पुढे आपल्या आद्याक्षरांचा ई. बी. हा जोडा काढला. १९७० च्या दशकात इंग्लंडपासून अमेरिकेपर्यंत कसलेल्या आरोहकांच्या पायांत बहुधा तोच दिसे. घट्ट जोड्याची रीत याच काळात पक्की झाली. ती का झाली हे समजून घेतले पाहिजे.

त्या जोड्यांचे कापड आणि कातडे वापराने ताणत असे. रबर आजच्या मानाने कठीण आणि कमी पकडीचे होते. आणि जोडा ज्या कालबुतावर चढवून शिवीत त्याचा आकार साधारण पायासारखाच, पुष्कळसा सरळ असे. आता कल्पना करा की आरोहकाला अर्ध्या बोटाच्या कंगोऱ्यावर अंगठ्याच्या टोकाने उभे राहायचे आहे. जोड्याच्या टोकाशी जर थोडीही पोकळी असेल तर भार पडताच तेवढा भाग वाकतो आणि पाय निसटतो. पोकळी नाहीशी करण्याचा त्या काळी एकच उपाय हाती होता, तो म्हणजे लहान मापाचा जोडा घेऊन बोटे त्यात दुमडून बसविणे. दुमडलेली बोटे एखाद्या मुठीप्रमाणे कडक होतात आणि सगळा जोर टोकाशी आणून देतात. पुढे कातडे ताणले तरी पोकळी पडू नये म्हणून आणखी एक माप कमी. साधनात जे उणे होते ते आरोहकाने आपल्या बोटांच्या वेदनेने भरून काढले, असेच म्हटले पाहिजे. त्या पिढीने हा व्यवहार उघड्या डोळ्यांनी केला. पण पिढीमागून पिढी जाता कारण विसरले गेले आणि वेदना ही कौशल्याची खूण मानली जाऊ लागली. घट्ट जोडा म्हणजे चांगला आरोहक, असे एक खोटे समीकरण रूढ झाले.

१९८० च्या दशकाच्या आरंभी स्पेनमधील बोरेआल कारखान्याने फिरे नावाचा जोडा बाजारात आणला आणि ई. बी.चे राज्य पाहता पाहता संपले. फिरेचा तळ नव्या, चिकट म्हणाव्या अशा रबराचा होता. अमेरिकेतील योसेमिटी खोऱ्यात जॉन बाकर या प्रख्यात आरोहकाने त्याचा पुरस्कार केला, आणि जेथे पूर्वी पाय टिकत नसे अशा उतरत्या फरशांवर लोक उभे राहू लागले. एवढा फरक केवळ रबराने पडला. १९८५ साली अमेरिकेत चार्ल्स कोल याने फाइव्ह टेन ही कंपनी काढली आणि स्टेल्थ नावाचे आपले रबर बाजारात आणले. त्याच वर्षी इटलीतील बार्डोनेक्किया येथे प्रस्तरारोहणाची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. इंग्लंडातील लीड्स विद्यापीठात १९६४ साली सरावाची कृत्रिम भिंत उभी राहिली होतीच. आता अशा भिंती शहरोशहरी होऊ लागल्या आणि त्या पुढे झुकलेल्या छतांसारख्या बांधल्या जाऊ लागल्या.

छताखाली लोंबकळताना पाय खडकावर नुसता टेकून भागत नाही, त्याने खडक ओढून धरावा लागतो. या गरजेतून जोड्याचा आकार बदलला. टोक खाली वळले, घारीच्या चोचीसारखे. जोड्याची कड आतल्या बाजूला, अंगठ्याकडे झुकली, कारण पायाच्या बोटांत खरा बलवान अंगठाच. टाचेमागून ताणून बसविलेली रबराची पट्टी सगळा पाय पुढे ढकलू लागली. टाच कंगोऱ्यात अडकवून शरीर ओढून घेता यावे म्हणून टाचेची वाटी पायाबरहुकूम घडविली गेली. चवड्यावरही रबर आले. पूर्वी बोटे दुमडून जे काम पायाला करावे लागे, त्यातले पुष्कळ काम आता जोड्याचा आकारच करू लागला.

माझ्या सांगण्याचा गाभा हाच आहे. ज्या तीन उणिवांपायी घट्ट मापाची रीत पडली, त्या तिन्ही आज बऱ्याच भरून निघाल्या आहेत. रबर पकड देते, आकार जोर पुढे आणतो, आणि कृत्रिम धाग्यांचे अंग फारसे ताणत नाही. जोडा पायाला बिलगून बसावा हे तत्त्व अबाधित आहे. पण बिलगणे वेगळे आणि चिरडणे वेगळे.

मापाच्या आकड्यावर तर मुळीच विसंबू नये, आणि त्याचे कारणही ऐतिहासिक आहे. युरोपीय माप पॅरिसच्या एककात मोजतात. ते एक एकक म्हणजे सेंटिमीटरचे दोन तृतीयांश. म्हणून ४२ क्रमांक म्हणजे २८ सेंटिमीटर. पण ही लांबी पायाची नसून कालबुताची असते. इंग्रजी माप इंचाच्या तिसऱ्या हिश्श्याने वाढते, आणि तो तिसरा हिस्सा म्हणजे मध्ययुगात ठरलेली जवाच्या एका दाण्याची लांबी. आपल्याकडेही आठ यवांचे एक अंगुल हे माप फार जुने आहे. फरक इतकाच की इंग्रजांनी जव लांबीत धरला आणि आपण रुंदीत. जगाच्या दोन टोकांना शेतातल्या एकाच धान्याने माणसाचे माप घेतले, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. परंतु कोणत्याही एककाने केवळ लांबीच कळते. पायाची रुंदी, पाठीचा उंचवटा, टाचेची जाडी यांपैकी काहीच त्यात येत नाही. शिवाय प्रत्येक कारखान्याचे कालबूत निराळे. एकाचा ४० दुसऱ्याच्या ४१ हून सैल असू शकतो. रोजच्या जोड्यापेक्षा दोन मापे कमी घ्या, हा सल्ला म्हणूनच निरर्थक ठरतो.

मग निवड करावी कशी? जोडा शक्यतो प्रत्यक्ष घालून पाहावा. दुपारनंतर पाहावा, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतो. नखे कापलेली असावीत आणि जोडा मोज्यांशिवाय घालायचा असेल तर तसाच पाहावा. दोन्ही पाय सारखे नसतात, म्हणून मोठ्या पायाला प्रमाण मानावे. काहींचा अंगठा सर्वांत लांब असतो, काहींचे दुसरे बोट. पहिल्या प्रकारच्या पायाला अंगठ्याकडे झुकलेले टोक मानवते, दुसऱ्याला मधोमध टोक असलेले. बोटे जोड्याच्या टोकाला सर्व बाजूंनी भिडली पाहिजेत आणि किंचित वाकली तरी चालेल. पण सांध्यांवर टोचणारी वेदना किंवा बधिरता असता कामा नये. टाचेभोवती पोकळी नसावी, आणि टाचेमागच्या शिरेला वरची कड कापू नये. मग एखाद्या पायरीच्या कडेवर केवळ अंगठ्याच्या जोरावर उभे राहून पाहावे. टाच सुटली किंवा टोक वाकले तर जोडा सैल. क्षणभरही उभे राहवत नसेल तर तो लहान.

यापुढचा विचार जोड्याच्या द्रव्याचा. अस्तर नसलेले कातडे वापराने बरेच सैल होते, कधी पूर्ण एका मापाइतकेही. म्हणून तसा जोडा आरंभी थोडा अधिक घट्ट घेणे योग्य. अस्तराचे कातडे कमी ताणते, कृत्रिम द्रव्य त्याहून कमी. ते दुकानात जसे बसले तसेच पुढेही राहणार, असे धरून चालावे. बंदांऐवजी चिकटपट्टीचा जोडा शिळांवरील चढाला सोयीचा, कारण प्रत्येक प्रयत्नानंतर तो काढून पाय मोकळा करता येतो. दीर्घ चढाच्या आरोहकाला तासन् तास जोडा काढता येत नाही. त्याने तर आणखी ढिले माप घ्यावे.

जोडा कोणत्या खडकासाठी आहे हेही पाहावे. गोल पाठीच्या शिळेवर, जेथे कंगोरा नसतो आणि रबर पसरून टेकवावे लागते, तेथे सपाट आणि मऊ जोडा बरा. बारीक, धारदार कंगोऱ्यांवर थोडा ताठ जोडा आधार देतो. खाली वळलेल्या टोकाचा जोडा छतांसाठी आहे. नवशिक्याने तो केवळ दिसायला शूर वाटतो म्हणून घेऊ नये. त्याला सपाट, साधा आणि पायाला सोसेल असाच जोडा घ्यावा, कारण आरंभी शिकायचे असते ते पाय नेमका ठेवणे, आणि दुखऱ्या पायावर कोणी नेमका भार टाकीत नाही. ऊन लागलेल्या मोटारीत जोडा ठेवू नये, डिंक सुटतो. तळाचे रबर बहुधा चार-पाच मिलिमीटरांचे असते. कडेच्या पट्टीला भोक पडण्याआधी नवा तळ लावून घेतला तर जोडा पुन्हा चालतो.

हे सारे सांगण्यामागे केवळ सोयीचा विचार नाही. क्रीडावैद्यकांनी आरोहकांच्या पायांची तपासणी केली, तेव्हा बहुसंख्य आरोहक रोजच्या मापाहून लहान जोडा वापरतात असे त्यांना आढळले. काळी पडलेली नखे, सांध्यांवरची कुरुपे, बधिरता, आणि वर्षानुवर्षांच्या दाबाने करंगळीकडे वळलेला अंगठा या तक्रारी त्यांच्यांत नेहमीच्या आहेत. नख पुन्हा येते, कुरूप बरे होते. पण वळलेला अंगठा आपोआप सरळ होत नाही आणि त्याचे दुखणे आयुष्यभर सोबत करू शकते. मुलांच्या बाबतीत तर हा धोका दुप्पट आहे. कुमारवयात पायाच्या हाडांची वाढ चालू असते आणि वाढीची टोके कोवळी असतात. त्या वयात आखूड जोडा वापरणे म्हणजे दहा फुटांच्या शिळेसाठी उभ्या आयुष्याची चाल गहाण टाकणे होय. वाढत्या मुलाचा जोडा बोटे सरळ राहतील असाच असावा, आणि पाय वाढला की लगेच बदलावा. जोडा महाग आहे, अजून एक वर्ष चालेल, ही काटकसर येथे करू नये.

हा उपदेश आता अधिकच आवश्यक झाला आहे, कारण खेळाला प्रतिष्ठा आली आहे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, प्रस्तरारोहणाचा प्रथमच समावेश झाला. २०२४ साली पॅरिसला ते पुन्हा खेळले गेले. ज्या नगरीच्या वेशीबाहेरील अरण्यात रविवारची हौस म्हणून ही कला वाढली, तिनेच तिला ऑलिंपिकचे व्यासपीठ दिले, हा एक सुंदर योगायोग होय. पदक दिसू लागले म्हणजे मुले लवकर सुरुवात करतात, अधिक सराव करतात, आणि विजेत्यांच्या पायांतला जोडा मागतात. विजेत्याने तो कोणत्या वयात, किती वेळ आणि कशासाठी घातला हे मात्र चित्रांत दिसत नाही.

शिळा कोट्यवधी वर्षे जागच्या जागी उभ्या आहेत. या शतकभरात बदलला तो माणसाचा तळ. लोखंड गेले, दोर गेला, नमदा गेला, खाच गेली, आणि शेवटी राहिला तो रबराचा पातळ पापुद्रा. पाय आणि खडक यांच्यात कमीत कमी काही असावे, हीच त्या साऱ्या कारागिरांची धडपड होती. ज्या पायासाठी हे सगळे केले, तोच पाय त्या जोड्यात मोडून घेणे त्या कारागिरांनाही मानवले नसते. म्हणून मापाचा शेवटचा निर्णय पट्टीकडे, दुकानदाराकडे किंवा मित्राकडे सोपवू नये. तो ज्याच्या पायांत जोडा जायचा आहे त्याच्या अंगठ्याला विचारावा, आणि अंगठा नाही म्हणाला तर त्याचे ऐकावे.